बू सैफसाठी शिवलेले कोट

त्या हिवाळ्यात आमच्या न्हाणीघरात कायम एक बाही लटकलेली असायची. मनगटाकडून सुतळीने घट्ट बांधलेली, खांद्याकडचं तोंड वर करून शॉवरच्या दांडीला अडकवलेली, आणि आत काठोकाठ पाणी. खाली आईची पीठ मळायची जुनी परात. कुणाला अंघोळ करायची असली, की आधी ती जड बाही दोन्ही हातांनी कुशीत घेऊन उतरवायची, वॉशिंग मशीनच्या नळाला टांगायची आणि अंघोळ उरकून परत जागेवर नेऊन लावायची. परातीत थेंब पडला तर त्याचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत यायचा. टप. बाबा जेवत असले तर घास हातातच राहायचा. ते मान वाकडी करून ऐकत बसायचे. पुन्हा टप झालं की ताट सरकवून उठायचे. आई त्यांच्या भातावर झाकण ठेवायची. मग ती बाही खाली यायची, कात्रीने उसवली जायची, शिलाईत सुई कुठे वाकडी गेली, पट्टी कुठे सुटली हे दिव्यासमोर धरून पाहिलं जायचं, आणि दुसऱ्या दिवशी दांडीला नवी बाही चढायची.

आम्ही दुबईच्या पलीकडे, फुजैऱ्याला राहत होतो. खाली दुकान, वर घर. पोर्टच्या मोठ्या रस्त्यामागे ट्रकवाल्यांच्या चहाच्या टपऱ्या होत्या, त्या गल्लीत. गॅलरीतून समुद्र दिसायचा आणि समुद्रात तेल भरून घ्यायला नांगर टाकून उभी असलेली जहाजं दिसायची, इतकी की लहानपणी मला वाटायचं पलीकडे आणखी एक गाव आहे. बाबा त्या जहाजांना किरकोळ सामान पुरवायचे. दोरखंड, हातमोजे, गमबूट, आणि डेकवर काम करणाऱ्यांचे नारिंगी रेनसूट. वर्षातून जेमतेम चार दिवस पाऊस पडणाऱ्या देशात आमचं घर रेनकोटांवर चालायचं, याची दुबईला करामा भागात राहणारी मावशी भारी चेष्टा करायची. आमच्या घराला तेलाचा, रबराचा आणि आईच्या कुळथाच्या पिठीचा मिळून एक वास होता. परवा मुसाफाच्या औद्योगिक वस्तीतल्या एका गोदामात गेले तर कुळीथ सोडून बाकीचा वास तसाच आला आणि मी काही क्षण दारातच उभी राहिले.

बू सैफ बाबांचं जुनं गिऱ्हाईक. बू सैफ म्हणजे सैफचा बाप. तिकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. त्याचं खरं नाव आम्ही कधी विचारलंच नाही. उंच, वाळका, पांढऱ्या दाढीचा माणूस. दगडाच्या खाणींवर त्याचे ट्रक चालायचे, पण त्याचा जीव होता तो ससाण्यांत. त्या देशात शिकारीला बंदी, त्यामुळे घरी फक्त पक्षी शिकवून तयार करायचे. खरी शिकार करायला तो दर हिवाळ्यात मित्रांना, मुलाला आणि ससाण्यांना घेऊन, रीतसर परवाने काढून, मध्य आशियातल्या कुठल्याशा थंड माळावर जायचा. होबारा नावाच्या पक्ष्यामागे. आपल्या माळढोकाचाच तो भाऊबंद. तिथे पाऊस, गारा, वारा असं सगळं एकदम येतं म्हणून तो बाबांकडून रेनकोट न्यायचा आणि बाबा त्याला डेकवाल्यांचेच कोट, रंग तेवढा मातकट बघून, द्यायचे.

तो त्या दिवशी दुकानात आला तेव्हा मी काउंटरवर गृहपाठ करत होते. मी सतरा वर्षांची होते, बारावीत. त्याने नेहमीसारखं हसून "कैसी है बेटी" केलं नाही. कागदी पिशवीतून एक कोट काढून बाबांच्या पुढ्यात ठेवला. कोपरावर प्लास्टिक तडकून त्याची पापुद्र्यांसारखी सालं निघाली होती, डाव्या बाहीच्या काखेत शिलाई वीतभर उसवली होती.

"नंदू, ये तेरा माल है?"

बाबांनी कोट उलटा केला, सुलटा केला. "मेरा है."

"सैफने पहना था. शिकार से पहले कैंप की जगह देखने गया था. पूरा दिन बारिश. अंदर तक भीग गया, बताया नहीं किसी को. फिर निमोनिया. वहीं हॉस्पिटल में रखना पडा." त्याने कोटावर हात ठेवला. "मैं झगडा करने नहीं आया. लडका घर में है, अल्हमदुलिल्ला. तू बस इतना बोल, ऐसा कोट बना सकता है जो फटेगा नहीं? नहीं बना सकता तो वो भी बोल. मैं बाहर से मंगवाऊंगा."

बाहेरचे कोट बंदुकीने शिकार करणाऱ्यांसाठी असतात, हे त्यालाही माहीत होतं आणि बाबांनाही. ससाणा बाळगणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचा डावा हात दिवसभर आडवा असतो, त्यावर पक्ष्याचं वजन, चामड्याच्या पट्ट्याचं घासणं. खाली कंदुरा, म्हणजे पायघोळ अरबी झगा, म्हणून कोट लांब हवा. जमिनीवर बसायचं, काटेरी झुडपांतून धावायचं. आणि कोट वाजता कामा नये, कारण सळसळ झाली की पक्षी बिथरतो.

बाबांनी त्या उसवलेल्या काखेत बोटं घालून पाहिली. मग म्हणाले, "बनाता हूं. और पहला कोट मैं खुद पहनूंगा. तू जहां बोलेगा वहां."

वर आल्यावर आईला सांगितलं तेव्हा ती कांदा चिरत होती. तिची सुरी थांबली. "अहो, हो कशाला म्हणालात? आपण जहाजाचा माल विकणारी माणसं. उद्या परत त्या पोराला काही झालं म्हणजे?"

"पहिल्यांदा झालं ते माझ्याच कोटात झालं."

"म्हणून दुसऱ्यांदाही तुमच्याच कोटात होऊ द्यायचं?"

दुसऱ्या दिवशी ते दुबईला जाऊन कापडाचे वेगवेगळे तुकडे घेऊन आले आणि मग आमचं घर घर राहिलं नाही. फ्रीजरमध्ये सुरमईच्या तुकड्यांच्या मधोमध घडी घातलेली कापडं, सकाळी बाहेर काढून कडाकडा मोडून बघायला, थंडीत कोणतं तडकतं म्हणून. डोंगराकडून आणलेल्या समरच्या, म्हणजे तिकडच्या बाभळीच्या, फांद्या दुकानाच्या मागच्या भिंतीला ठोकलेल्या, बोटभर काट्यांच्या. त्यांवरून बाबा कापड खसाखस ओढायचे. वॉशिंग मशीनमध्ये खडी घालून कापड फिरवलं तेव्हा खालचा चहावाला धावत वर आला, त्याला वाटलं गच्ची कोसळतेय. आई म्हणाली होती की तिचा या भानगडीशी संबंध नाही, पण शिवायला दुसरं कोण होतं? तिचं मोठं मशीन स्वयंपाकघराला लागून होतं, आणि दुपारची जेवणं झाली की त्याचा घरघराट सुरू व्हायचा. ती प्रत्येक शिलाई दुमडून, दाबून दोनदा घालायची. मग मी आतल्या बाजूने त्यावर पट्टी ठेवून इस्त्रीने चिकटवायची. इस्त्री जास्त तापली तर कापड आकसायचं, कमी तापली तर पट्टी सुटायची.

पुरा कोट झाला की अंगात घालून शॉवरखाली उभं राहायचं कामही माझ्याकडे आलं. आत बाबांचा जुना पांढरा बनियन, आणि आईने त्यावर कोरडी नीळ भुरभुरवलेली. पाणी आत शिरलं की तिथे निळा डाग फुटायचा. मी बाहेर आले की तिघं मिळून डाग शोधायचो. पहिल्या कोटात माझे दोन्ही खांदे निळे झाले, दुसऱ्यात मानेमागे, तिसऱ्यात डाव्या काखेत एक बारीक ठिपका. त्या ठिपक्यापायी बाबा रात्री जेवले नाहीत. ते चिडून ओरडले असते तर बरं झालं असतं. ते गप्प व्हायचे, आणि ती गप्प राहण्याची सवय हळूहळू आम्हा दोघींनाही लागली.

सैफ मापासाठी यायचा. विशीचा, आजारातून उठल्यामुळे गालाची हाडं वर आलेली, आईला पहिल्या दिवसापासून 'खालती' म्हणजे मावशी म्हणणारा. एकदा तो हातावर आपली तरणी ससाणी घेऊन आला, तिचं नाव रीम. आई आधी भिंतीला चिकटून उभी राहिली, मग विचारलं, "काही खाल्लंय का तिने?" कोणतं कापड वाजत नाही हे रीमनेच ठरवलं. आईने एकेक कोट घालून तिच्याभोवती फेऱ्या मारायच्या आणि आम्ही रीमची मान बघायची. पोलिस्टरचं, वरून किंचित केसाळ असलेलं एक कापड होतं, त्याला तिने मान वळवली नाही. त्या संध्याकाळी बाबा पहिल्यांदा दोन वेळा भात घेऊन जेवले.

त्या कापडाचे तीन कोट तयार झाले. बू सैफचा, सैफचा आणि बाबांचा. बाही आठवडाभर गळली नाही. आता राहिला होता खरा पाऊस.

तो एका सकाळी आला. शाळांना सुट्टी जाहीर झाली, रस्त्यात पाणी साचलं, पोरं त्यात नाचायला लागली. बू सैफचा फोन आला, "यल्ला नंदू, चलो, आज." आई दारात आडवी उभी राहिली. "पाऊस पडला की शहाणी माणसं घरात बसतात."

"अगं, याचसाठी तर दोन महिने..."

"डोंगराकडे जाणार ना? कुठल्या वादीत उतरू नका." वादी म्हणजे डोंगरातून येणारा कोरडा ओढा. एरवी त्यात गाड्या चालतात, मुलं फुटबॉल खेळतात. मग ती माझ्याकडे वळली. "तू पण जा. दोघांतलं एक तरी शुद्धीवर राहील."

माझ्यासाठी चौथा कोट नव्हता. मी दुकानातला नारिंगी रेनसूट चढवला.

दगडाच्या खाणी मागे टाकून आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या सपाटीवर पोचलो. बू सैफची मोठी गाडी आणि सैफचा पिकअप. सगळीकडे काळी खडी आणि मधूनमधून समरची झाडं. पलीकडे वादीचं रुंद पात्र, त्यात घोट्याएवढं पाणी. तास-दीड तास ते तिघं भर पावसात काट्यांतून चालले, बसले, लोळलेसुद्धा. बाबा मधूनच कोट उघडून आत हात घालायचे आणि मला लांबून अंगठा दाखवायचे. मी त्यांना इतकं हसताना किती तरी दिवसांनी पाहत होते.

मग पाऊस थांबला. सैफने रीमच्या डोळ्यांवरची चामड्याची टोपी काढली आणि दोरीला पिसं बांधलेलं आमिष फिरवून तिला दोन झेपा घ्यायला लावल्या. तिसऱ्या झेपेला डोंगरावर असा काही गडगडाट झाला की ती वाकडी वळली, वादीवर गेली आणि पात्राच्या मधोमध खडीचा एक उंचवटा होता, त्यावरच्या एकुलत्या समरच्या झाडावर जाऊन बसली. पायातल्या चामडी पट्ट्या काट्यांत गुंतल्या. ती पंख आपटायला लागली.

सैफने पिकअप तसाच पात्रात घातला. बाबा पळत जाऊन त्याच्या शेजारी चढले. "काट्यातला पक्षी एकट्याला सुटायचा नाही," एवढंच ओरडले. बू सैफ डोंगराकडे बघत होता. वर सगळं काळं झालं होतं. त्याने हात तोंडापाशी नेऊन "सैफ! यल्ला, यल्ला!" अशी हाक दिली. त्या हाकेत भीती होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

आधी आवाज आला. ट्रकमधून खडी ओतावी तसा, पण न थांबणारा. मग वळणावरून तपकिरी पाण्याची एक भिंत आली. फार उंच नव्हती, कंबरेएवढी असेल, पण तिच्या तोंडाशी झाडं होती, दगड होते, एक पत्र्याचं दार होतं. पिकअप पहिल्यांदा जागेवरच फिरला, मग कुशीवर झाला आणि दिसेनासा झाला. बाबा आणि सैफ तोवर उंचवट्यावर पोचले होते. पाणी त्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांनी धावत होतं आणि बघता बघता तो लहान होत चालला होता. ते दोघं झाडावर चढले. बोटभर काट्यांचं झाड.

बू सैफ पाण्यात शिरला. गुडघ्यापर्यंत गेला, आणखी पुढे निघाला. मी मागून त्याच्या कोटाचा घोळ दोन्ही हातांनी पकडला आणि खाली बसले. मला दुसरं काही सुचलं नाही. त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि तो म्हातारा माणूस मागे आला. खिशातून मोबाईल काढून पाहिला, पुन्हा खिशात टाकला. त्या डोंगरात तेव्हा रेंज नसायची.

ही गोष्ट मी माझ्या मुलीला सांगते तेव्हा ती दर वेळी इथे अडवते. "बट आई, व्हाय डिडन्ट यू जस्ट सेंड युअर लोकेशन?" मोहम्मद बिन झायद सिटी नावाच्या नव्याकोऱ्या वस्तीतल्या तिच्या खोलीतून तिला ते कळणार नाहीच.

"बेटी, गाडी चला सकती है?"

"नहीं."

"तो मैं खदान पर जाता हूं, शॉवेल मशीन लाता हूं. तू यहीं खडी रह. उनको दिखती रह. हटना मत." माझा नारिंगी रेनसूट त्याने बोटाने दाखवला आणि गाडी घेऊन तो गेला.

मी एकटी राहिले. पाऊस पुन्हा सुरू झाला, या वेळी वाऱ्यासकट. समोर, हाक पोचेल न पोचेल अशा अंतरावर, एका झाडात दोन मातकट आकार. मी ओरडायची आणि काही वेळाने बाबांचा हात वर व्हायचा. मी मागे सरले नाही, पाणी माझ्या बुटांशी आलं तेव्हा तेवढं एक पाऊल घेतलं असेल. पाण्याच्या आवाजाची एक गंमत असते. काही वेळाने त्यात माणसांच्या हाका ऐकू यायला लागतात. मला सारखं वाटायचं आई बोलावतेय.

आणि मग मी पाहिलं की बाबा कोट काढताहेत. एका हाताने फांदी धरून, दुसऱ्या हाताने, फार सावकाश. त्यांचा पांढरा शर्ट दिसायला लागला. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "बाबा, कोट घाला! घाला तो कोट!" त्यांनी मान हलवली आणि तो कोट सैफच्या अंगावर, त्याच्या कोटाच्या वरून, चढवायला सुरुवात केली. मला काही समजेना. सैफकडे कोट होता. तसाच, त्याच कापडाचा, मी स्वतः पट्ट्या चिकटवलेला. तो का घेतोय? मला त्या क्षणी सैफचा इतका राग आला की मी त्याला मराठीतून शिव्या घातल्या. पाण्याने त्या त्याच्यापर्यंत जाऊ दिल्या नाहीत, हे बरंच झालं.

नंतर सैफचं डोकं छातीवर कलायला लागलं. बाबा त्याला हलवायचे, ते पुन्हा कलायचं. मग बाबांचंही हलवणं मंद झालं. त्यांना झोप येतेय हे मला कसं कळलं सांगता येणार नाही, पण कळलं. मी ओरडले, "बाबा, एकोणतीसचा पाढा म्हणा!" काहीच नाही. मीच सुरू केलं. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. लहानपणी बाबांनी माझ्याकडून तो घोकून घेतला होता आणि ते स्वतः सत्ते-अठ्ठेपाशी अडखळायचे. एकोणतीस सत्ते मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. झाडातून आवाज आला, फाटका, बारीक. "दोनशे तीन!" मी रडत रडत पुढचा चुकवला. त्यांनी तोही दुरुस्त केला. असे आम्ही पाढ्यांमागून पाढे केले. माझा घसा पुढे आठवडाभर बसला होता.

उजेड मंदावायला लागला होता तेव्हा मागून इंजिनाचा आवाज आला. खाणीवरचा पिवळा शॉवेल, माणसाहून उंच चाकांचा, पुढे खडी उचलायचं भलं मोठं सूप. चालवणारा एक पठाण, आणि बाजूच्या शिडीवर लटकलेला बू सैफ. पठाणाने काठावर थांबून पाण्याकडे एकदा बघितलं, "बिस्मिल्ला" म्हणाला आणि यंत्र आत घातलं. पाणी चाकांवर आदळलं तसं ते अख्खं धूड कुशीकडे सरकलं, थांबलं, पुन्हा पुढे गेलं. मी जागची हलले नाही. बाबांनी मला दिसत राहायला सांगितलंय असं मला वाटत होतं. वास्तविक ते बू सैफने सांगितलं होतं.

सूप झाडाला भिडलं. बाबांनी आधी सैफला आत ढकललं. मग त्यांची पाळी आली तर त्यांचा पाय उचलेना. बू सैफ शिडीवरून सरपटत सुपात उतरला, बाबांच्या शर्टाची कॉलर धरली आणि त्यांना ओढून अंगावर घेतलं.

गाडीत हीटर लावून सैफचे कोट काढले तेव्हा मला उत्तर मिळालं. आतल्या कोटात, त्याच्या छातीशी, रीम होती. भिजून मुठीएवढी झालेली, पण जिवंत. झाडावरून सोडवल्यावर तिला ऊब मिळावी म्हणून त्याने तिला कोटात घेतलं होतं, आणि तिने घाबरून जे सापडलं ते नखांत धरलं होतं. कोट आतून छातीभर चिरला होता. आम्ही काटे लावून पाहिले, खडी लावून पाहिली, सगळं बाहेरून.

बाबांना न्यूमोनिया झाला. सैफला साधा ताप आला आणि उतरला. आई हॉस्पिटलमध्ये आली तेव्हा मला वाटलं आता सगळं बाहेर पडणार. तिने बाबांच्या कपाळावर हात ठेवला, नाकातल्या नळीकडे बघितलं आणि मला म्हणाली, "कोट कुठायत?" मी पिशवी दिली. ती खुर्चीवर बसून दोन्ही कोट उलटे करून शिलाईवरून अंगठा फिरवत राहिली, इंच न् इंच. शेवटी म्हणाली, "माझी शिलाई कुठे सुटली नाही."

बाबा पुटपुटले, "नखं. आतून... सुचलंच नाही."

"आता सुचलं ना," आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून बाहेर व्हरांड्यात गेली.

चार-पाच दिवसांनी बू सैफ आला. खजूर, फळं, सैफही बरोबर. तो बाबांचा हात हातात घेऊन बसला आणि म्हणाला, "नंदू, पंधरा दिन में हम निकलेंगे. मेरे सब आदमी तेरा कोट पहनेंगे. तेरे कोट ने मेरे बेटे को बचाया."

"मेरे कोट ने नहीं," बाबा म्हणाले. त्यांना एका दमात बोलता येत नव्हतं. "दो कोट ने. एक तो फट गया."

"फिर भी."

"नहीं दूंगा. ये कोट में कमी है. तेरा आदमी फिर पक्षी अंदर लेगा. मैं नहीं दूंगा."

बू सैफला नाही म्हणणारी माणसं फुजैऱ्यात फार नव्हती. आईचा हात माझ्या दंडावर आवळला. सैफ खाली बघत होता.

"कब बनेगा?" बू सैफने विचारलं.

"इस मौसम में नहीं. मैं यहां पडा हूं."

बू सैफने दाढीवरून हात फिरवला. खिशातून मोबाईल काढला आणि तिथेच पलंगाच्या कडेवर बसून अरबीत बोलायला लागला. पलीकडचा माणूस चढ्या आवाजात काहीतरी सांगत होता, आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. बू सैफने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खलास." फोन ठेवला. मग बाबांना, "इस साल हम नहीं जाएंगे."

एक हिवाळा सोडणं म्हणजे काय, हे मला खूप नंतर कळलं. मिळालेले परवाने वाया, ऐन उमेदीतला पक्षी वर्षभर बसून, मित्रांत हसं. त्याने त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही.

पुढच्या वर्षी आईने छातीशी आतून तंबूच्या जाड कापडाचा एक सुटा खण लावला. मुख्य कापडाला नखं पोचू नयेत असा, पक्षी मावेल एवढा. ते लोक गेले. ते तीन आठवडे बाबा रोज टीव्हीवर एका अशा गावाचं हवामान शोधायचे ज्याचं नाव त्यांना उच्चारता येत नव्हतं, आणि आई रोज म्हणायची की तो टीव्ही बंद करा.

ते परतले तेव्हा इकडे ऊन चांगलंच तापायला लागलं होतं. दुपारी दुकानात मी आणि आई होतो. काचेचं दार उघडून सैफ आत आला. अंगात कोट, गळ्यापर्यंत चेन ओढलेली, डोक्यावर टोपडंसुद्धा. तोंडावरून घामाच्या धारा.

"अरे, काढ तो कोट, मरशील!" आई मराठीतच ओरडली.

"नहीं, खालती. पहले नंदू चाचा देखेगा."

मी वर पळाले. बाबा वामकुक्षी घेत होते. त्या आजारानंतर त्यांना जिने चढता-उतरताना धाप लागायची, पुढे शेवटपर्यंत लागत राहिली. ते लुंगीवरच, कठडा धरून, पायरी पायरी उतरले. सैफ दुकानाच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिला. बाबा त्याच्याभोवती फिरले. काखा पाहिल्या, कोपर पाहिले, डाव्या बाहीवर पट्ट्याने घासून चमक आलेली जागा नखाने खरवडून पाहिली. मग चेन खाली ओढून हात आत छातीशी घातला. हात बाहेर आला तो ओलाचिंब. बाबांचा चेहरा पांढरा पडला.

"पसीना है, चाचा!" सैफ म्हणाला. "पसीना, पसीना!"

बाबा आपल्या ओल्या हाताकडे बघत राहिले. आणि आई, दोन हिवाळे ज्या कोटांपुढे कधी हसली नव्हती, ती काउंटरवर डोकं टेकून अशी हसायला लागली की शेजारचा चहावाला काय झालं म्हणून दारात येऊन उभा राहिला.